तीन अर्धवट कामं आणि आठ दिवसांचा प्रवास

निघण्याच्या आदल्या दिवशी

बॅग भरताना ‘कोणती कामं न्यायची’ असं म्हणत बसलं की लोकर उगाच जास्त भरली जाते. काम कोणतं यापेक्षा ते कुठवर आलंय ते बघावं. एकाच स्वेटरचं सरळ सुलट अंग गाडीत न बघताही विणता येतं; त्याचाच गळा गाडीत हातात घेतला तर संध्याकाळी उसवत बसावं लागतं. म्हणून या आठ दिवसांसाठी तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरची कामं घेतली आहेत. एक मोज्यांचा जोड, पहिल्याचे टाके घालून वरची रिब (ताणली जाणारी, उभ्या रेघांची वीण) झालेली. एक त्रिकोणी जाळीची शाल, बरेच महिने अडकून पडलेली. आणि एक गोल योकचा (खांद्या-गळ्याभोवतीचा भाग एकसंध गोल विणलेला) स्वेटर, जो अजून स्वेटर नाहीच. एक धुतलेला नमुना-चौकोन, म्हणजे टाक्यांचं माप काढायला विणलेला तुकडा, आणि चौकटीची वही, एवढंच.

मोज्याची लोकर १०० ग्रॅमला ४०० मीटरची. ती आधीच वजनकाट्यावर ५०-५० ग्रॅमच्या दोन गुंड्यांत वाटून घ्यावी. एकाच गुंड्यातून दोन्ही मोजे काढले तर पहिल्याची उंची अंदाजाने ठरते आणि दुसऱ्याला लोकर कमी पडते.

शालीची पिशवी उघडली की पहिला प्रश्न: सुई कितीची होती? पडून राहिलेल्या कामाची सुई बहुधा दुसऱ्या कामासाठी काढून नेलेली असते आणि टाके नुसत्या दोऱ्यावर राहतात. यावर जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. सुरुवातीला जे लोकरीचं शेपूट सुटतं, त्याला सुईच्या मापाइतक्या गाठी मारून ठेवायच्या. या शालीच्या शेपटाला चार गाठी आहेत, म्हणजे ४ मिमी. (साडेतीनला तीन गाठी आणि एक सैल फास.) शिवाय पिशवीत एक चिठ्ठी असावी: सुई, लोकरीचा रंग-क्रमांक, शेवटची ओळ, आणि काम का थांबलं ते. ‘का’ हा रकाना सगळे टाळतात, आणि काम पुन्हा हातात घेताना तोच लागतो. नक्षी चुकल्यामुळे थांबलं होतं की नुसता कंटाळा आला होता, यावर आता उसवायचं की पुढे जायचं ते ठरतं.

स्वेटरचा चौकोन घरीच धुऊन वाळवून घ्यावा. दमट हवेत जाडसर लोकर वाळायला दीड-दोन दिवस घेते, आणि ओला चौकोन बॅगेत कोंबला की कुबट वास येतो तो वेगळाच.

बारीक सामान: क्रोशाची छोटी सुई, बोथट टोकाची शिवायची सुई, मापाची टेप, खुणेच्या दहा-बारा रिंगा, तीन मीटर गुळगुळीत सुती दोरा, नेलकटर. नेलकटर कात्रीऐवजी. लोकर त्याने छान तुटते आणि तपासणीत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

पहिला दिवस: लांबची रेल्वे

चौदा तासांची गाडी म्हणजे चौदा तास विणकाम असं कागदावर दिसतं. चढणं-उतरणं, जेवण, झोप आणि अंधार वजा केला तर हाती पाच-सहा तास राहतात. मोज्याचे ६४ टाके आहेत, सुई २.२५ मिमी. साधारण हाताला तासाला पंधरा ते वीस फेर होतात, म्हणजे पायाचे (टाचेच्या वरच्या भागाचे) ६० फेर चार तासांत उरकतात.

सुई ८० सेंमीची गोल, म्हणजे दोन टोकं लवचिक दोरीने जोडलेली; त्या दोरीचा फास बाहेर काढून निम्मे-निम्मे टाके विणायचे. दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुट्या सुयांची सवय असली तरी गाडीत त्या नकोत. एक सुई बाकाखाली गेली की काम थांबलं. गोल सुईवर दोष एकच: जिथे निम्मे टाके संपून दुसरे सुरू होतात तिथे शिडीसारखी उभी फट पडते. पुष्कळजण पहिला टाका करकचून ओढतात. त्याने फट पुरती जात नाही. दुसरा टाका विणून झाल्यावर दोरा ओढावा, पहिल्यातली ढील तेव्हा निघते.

गाडीत टेप लावू नये, फेर मोजावेत. सुईवर गोळा झालेलं विणकाम दर मोजणीला वेगळं माप देतं. शिवाय दुसरा मोजा पहिल्यासारखा व्हायचा तर आकडाच कामाला येतो. चिठ्ठीवर नोंद: रिब १६, पाय ६०. गाडीतला कोणी विचारेलच की मोज्याला किती वेळ लागतो. तासांत सांगितलं तर विश्वास बसत नाही. एका मोज्यात अकरा-बारा हजार टाके असतात असं सांगावं, मग पुढचा प्रश्न येत नाही.

दुसरा दिवस: पोचल्यावर, आणि संध्याकाळची वही

दिवसभर फिरणं आणि थांबणं, दहा-दहा मिनिटांचे तुकडे. अशा तुकड्यांना टाचेची पट्टी फार सोयीची: फक्त ३२ टाके, पुढे-मागे ३२ सुया (एक सुई म्हणजे एक ओळ), दर सुईचा पहिला टाका न विणता उचलायचा. कुठेही थांबता येतं. बाजूला १६ मोठे फासे तयार होतात, तेच पुढे उचलायचे असतात.

टाच वळवणं मात्र खोलीवर, दिव्याखाली. १८ टाके सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून), एक सुलट, आणि उलटा फिरा. पहिला टाका उचला, ५ उलट, दोनाचा एक, एक उलट, फिरा. यापुढे दर सुईला मधला भाग एका टाक्याने वाढतो आणि जिथे फट दिसते तिथले दोन एकत्र करायचे. चौदा सुयांत ३२ चे १८ होतात. शेवटच्या दोन सुयांना दोनाचा एक केल्यावर पुढचा टाका उरतच नाही. इथे नवशिके चुकलं समजून सगळी टाच उसवतात. चुकलेलं काही नसतं. मग १८ टाचेचे, १६ अधिक १६ बाजूंचे, ३२ पावलाच्या वरचे, मिळून ८२. एकाआड एक फेराला दोन घटवले की १८ फेरांत पुन्हा ६४.

टाच झाली की वही. स्वेटरचं डिझाइन प्रवासात विणायचं नसतं, पण त्याचे आकडे मांडायला निवांत खोली लागते आणि ती घरी क्वचितच मिळते.

चौकोन धुण्याआधी १० सेंमीत २३ टाके होते, धुतल्यावर २२ टाके आणि ३० ओळी. हा एक टाका किरकोळ वाटतो. १०० सेंमी घेराच्या स्वेटरला २३ च्या हिशेबाने २३० टाके घातले असते आणि पहिल्या धुण्यानंतर तो साडेचार सेंमीने मोठा झाला असता. चौकोन निदान १५ सेंमीचा असावा आणि मधले १० मोजावेत. कडेचे टाके खोटं बोलतात. स्वेटर गोल विणायचा असेल तर चौकोनही गोलच विणावा, कारण पुष्कळांचा उलट टाक्याचा हात सुलटपेक्षा सैल असतो.

पुढची मांडणी विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांच्या टक्केवारीच्या पद्धतीने. अंगाचे टाके म्हणजे १०० टक्के, इथे २२०. मनगट २० टक्के: ४४. बाहीचा वरचा घेर ३३ ते ३५ टक्के: ७६. काखेत ८ टक्के: १८. गळा ४० टक्के: ८८. बाहीला ४४ चे ७६ करायचे म्हणजे ३२ वाढवायचे, दर वेळी दोन, एकूण सोळा वेळा. बाही ४४ सेंमी, त्यातली ६ सेंमी रिब वजा जाता ३८ सेंमी म्हणजे ११४ ओळी. दर सातव्या ओळीला वाढवलं की ११२ मध्ये बसतं, दोन ओळी साध्या उरतात.

आता जोडणी, म्हणजे अंग आणि दोन्ही बाह्या योकसाठी एकाच सुईवर घेणं. अंगाच्या २२० मधून दोन काखांचे ३६ गेले, १८४ उरले. प्रत्येक बाहीचे १८ काखेत ठेवले, ५८ उरले. १८४ अधिक ११६ म्हणजे ३००. योकची उंची घेराच्या पावपट, २५ सेंमी, ७५ फेर. निम्म्या उंचीवर ‘दोन सुलट, दोनाचा एक’, म्हणजे ३०० चे २२५. पाऊण उंचीवर ‘एक सुलट, दोनाचा एक’: १५०. गळ्यापाशी ‘एक सुलट, दोनाचा एक, दोनाचा एक’: ९०. त्यातले दोन रिबच्या पहिल्या फेरात घटवले की ८८, दोन-दोनच्या रिबला चारने भाग जाणारे. योकवर १२ टाक्यांची रंगीत नक्षी असेल तर ३०० मध्ये ती २५ वेळा बसते; पहिल्या घटीनंतर २५ वेळा ९, दुसरीनंतर २५ वेळा ६. नक्षीच्या रांगा खालपासून वरपर्यंत एकाखाली एक राहतात. असं गणित जमलं की त्या रात्री तिथेच थांबावं.

तिसरा दिवस: डोंगरातली बस

वळणांच्या रस्त्यावर खाली मान घालून विणलं की मळमळतं. मोज्याचा पाऊल-भाग नुसता सुलट आहे, तो बोटांनी विणता येतो. तेवढं न बघता जमत नसेल तर पिशवी बंद ठेवून खिडकीबाहेर बघावं. धातूच्या गुळगुळीत सुयांवरून धक्क्याने टाके ओघळतात, बांबूच्या सुई-टोकांवर धरून राहतात. पण धातूवरून बांबूवर गेलं की काहींचा हात घट्ट होतो, म्हणून एका मोज्यात सुई बदलू नये. टाचेच्या बाजूचे १८ फेर आणि पुढचे पंचवीस एक, एवढंच झालं.

चौथा दिवस: मुक्काम, आणि शाल

आज कुठे जायचं नाही. टेबल आहे, खिडकीचा उजेड आहे. शालीसाठी असाच दिवस लागतो.

आधी ती किती झाली ते कळायला हवं. आराखडा २०० ओळींचा, झाल्यात १२०. निम्म्याहून पुढे गेली असं वाटतं, आणि याच समजुतीमुळे त्रिकोणी शाली अर्धवट पडतात. वरच्या मध्यापासून सुरू होणारी शाल दर दोन ओळींना ४ टाके वाढते, म्हणजे लोकर ओळींच्या वर्गाच्या हिशेबाने खर्च होते. १०० ओळींवर पाव काम, १४१ व्या ओळीवर निम्मं. १२० वर ३६ टक्के. गुंडा १०० ग्रॅमचा होता, काट्यावर ६४ ग्रॅम शिल्लक असणार. हा हिशेब एकदा केला की राग शालीवर निघत नाही.

मग टाके मोजणं. सुरुवात ५ टाक्यांनी: दोन्ही कडांना दोन-दोन आणि मधला एक. १२० ओळींनंतर २४५ हवेत. सुईवर २४४ भरले. इथे उसवायला धावू नये. मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना १२०-१२० म्हणजे १२ टाक्यांच्या दहा नक्ष्या. दर १२ टाक्यांवर एक रिंग अडकवत जायचं, म्हणजे अकरा टाक्यांवर संपणारी नक्षी आपोआप सापडते. डाव्या बाजूची सातवी निघाली. शेजारच्या नक्षीशी ताडून पाहिली तर एक भोक कमी: ‘लोकर पुढे’ (भोक पाडायला सुईवर घेतलेला जादा वेढा) घ्यायची राहून गेली. चूक मागच्याच नक्षी-ओळीतली असेल तर उपाय अर्ध्या मिनिटाचा. दोन टाक्यांच्या मध्ये जी आडवी दोरी दिसते ती डाव्या सुईने पुढून मागे उचलायची आणि उलट सुईला नेहमीसारखी विणायची. भोक इतरांपेक्षा थोडं लहान दिसतं, धुऊन ताणल्यावर ते कळत नाही. चूक चार-सहा ओळी खाली असेल तर दोन रिंगांमधले बाराच टाके खाली सोडून क्रोशाच्या सुईने पुन्हा चढवता येतात, पण जाळीत हे किचकट काम आहे. तिथे मी म्हणेन, खालच्या सुरक्षा-दोऱ्यापर्यंत उसवणं बरं.

सुरक्षा-दोरा म्हणजे बारीक, गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा, साध्या उलट ओळीनंतर सगळ्या टाक्यांतून ओवलेला. लोकरीचा नको, तंतू एकमेकांना चिकटतात. रिंगांमधून ओवला जाऊ नये, नाहीतर रिंग पुढे सरकवता येत नाही. त्रिकोण पसरट धरला की दोरा टाक्यांच्या रुंदीपेक्षा हातभर लांब हवा, आणि दोन्ही टोकांना गाठ. दर १२ ओळींनी नक्षी पूर्ण होते तेव्हा घालावा. टोकं बदलता येणाऱ्या काही गोल सुयांच्या जोडाला बारीक भोक असतं. दोरा त्यात ओवला की विणता विणताच आत जातो.

आजच्या १२ ओळींचे तीन हजारांवर टाके झाले, अडीच तास गेले. सुईवर आता २६९.

इथेच एक निर्णयही घेतला. २०० ओळी गाठायच्या तर लोकर काठोकाठ संपते आणि टाके बंद करायला काही उरत नाही. जाळीची कड सैल बंद करावी लागते, त्याला शेवटच्या तीन ओळींइतकी लोकर धरावी. १९२ ओळींवर थांबलं तर १६ नक्ष्या पूर्ण होतात, खर्च ९२ टक्के, आणि ८ ग्रॅम हातात राहते. एक ओळ तेव्हा सुमारे १ ग्रॅम खाते. आठ ओळी कमी झाल्याने शाल आखूड होईल अशी भीती असते. जाळी ओली करून ताणली की ती त्याहून जास्त वाढते.

पाचवा दिवस

पायी भटकंती. काहीही विणलं नाही. बोटांना एक दिवस सुट्टी असलेली बरी. मनगट दुखत असताना विणलेल्या भागाचा हात वेगळा पडतो आणि ती पट्टी स्वेटरवर कायम दिसते.

सहावा दिवस: लोकर खरेदी

नवीन गावातली लोकरीची दुकानं हीच डिझाइनचा बळी घेतात. हातात वहीतला हिशेब असेल तरच आत जावं. धुतलेला १५ × १५ सेंमीचा चौकोन ८ ग्रॅमचा आहे, म्हणजे २२५ चौरस सेंमीला ८ ग्रॅम. स्वेटरचं अंग १०० × ४०, दोन बाह्या मिळून साधारण २४००, योक २८०० च्या आसपास: एकूण ९२०० चौरस सेंमी, ३२७ ग्रॅम. रिब आणि उसवाउसवीसाठी दहा टक्के धरले की ३६० ग्रॅम. ५० ग्रॅमचे आठ गुंडे. चौकोन ज्या लोकरीचा, तीच घेतली तर हा हिशेब खरा. दुसरी लोकर घेतली तर चौकोन नव्याने.

लेबलवर रंग-क्रमांकाशेजारी रंगाच्या घाण्याचा (लॉटचा) क्रमांक असतो, तोही आठही गुंड्यांवर एकच आहे का ते बघावं, आणि रंग दिवसाच्या उजेडात ताडून पाहावा. सात एका घाण्याचे आणि आठवा दुसऱ्याचा असेल तर आठवा मनगटाच्या आणि गळ्याच्या रिबमध्ये घालवावा. विणीची जात बदलली की रंगातला फरक लपतो. हाताने रंगवलेली लोकर असेल तर दोन गुंडे एकाआड एक दोन-दोन फेर चालवावेत.

रात्री हाच स्वेटर दुसऱ्या मापांत बसवायचे आकडे काढले. गोम इथेच होती. ९० सेंमीच्या मापाला १९८ टाके, काखेत १६, बाही ६८, जोडणीनंतर २७०. बाराने भागलं की साडेबावीस. अर्धी नक्षी खांद्यावर ठेवता येत नाही, म्हणून अंग २०० आणि बाही ७० केली, तेव्हा २७६, म्हणजे २३ नक्ष्या. घेर १ सेंमीपेक्षाही कमी वाढला. गळा मात्र टक्क्यांवर सोडू नये. ८० सेंमीच्या मापात तिन्ही घटी जशाच्या तशा घेतल्या तर २४० चे १८०, १२०, आणि शेवटी ७२ टाके, म्हणजे ३३ सेंमी. त्यातून मोठ्या माणसाचं डोकं जाताना रडवेल. तिथे तिसरी घट हलकी करून ९० वर थांबायचं. उलट १२० च्या मापात १०८ उरतात, ४९ सेंमीचा गळा खांद्यावरून घसरतो. रिबच्या पहिल्या फेरात ते ९६ वर आणावेत. माणसाची छाती वाढते तशी मान वाढत नाही. योकची उंचीही त्याच कारणाने पावपट ३० सेंमी ठेवू नये, काखा लोंबतात.

सातवा दिवस: विमान

विणायच्या सुया केबिनमध्ये चालतात की नाही, हे देशागणिक बदलतं आणि शेवटचा शब्द समोरच्या तपासनिसाचा असतो. म्हणून जाताना असं काही न्यावं जे गेलं तरी चालेल: बांबूची गोल सुई, मोज्याचं काम, आणि टाक्यांतून आधीच ओवलेला दोरा. सुई काढून घेतली तरी टाके सुटत नाहीत. शाल आणि चांगल्या सुया चेक-इन बॅगेत. दोरा तोडायची गोल लॉकेटं, ज्यांच्या आत पातं असतं, तीही तिकडेच. वही मात्र जवळ. लोकर पुन्हा मिळते, आकडे नाही.

पहिल्या मोज्याचा पंजा आला होता. पावलाच्या मापाला ५ सेंमी कमी असताना घटवायला घ्यायचं: एकाआड एक फेराला ४ टाके, ६४ चे ३२ होईपर्यंत, मग दर फेराला, १६ होईपर्यंत. वीस फेर, पावणेपाच सेंमी. हे १६ टाके सुईदोऱ्याने जोडायचं काम विमानात केलं नाही. मंद दिव्यात ‘सुलटसारखी घालून उतरव, उलटसारखी घालून ठेव’ हा क्रम मध्येच चुकतो आणि जेवणाचा ट्रे नेमका तेव्हाच येतो. सोळा टाके दोऱ्यावर ठेवले, ४० सेंमी शेपूट राखलं, आणि लगेच दुसऱ्या मोज्याचे ६४ टाके घातले. पहिला पुरा करून सुई बाजूला ठेवली की दुसरा वर्षभर निघत नाही. सुई रिकामी राहिली नाही की तो प्रश्न येत नाही.

आठवा दिवस: घरी

नवे आठ गुंडे बंद पिशवीत, बाकी लोकरीपासून लांब. कसरीची शंका असेल तर पिशवी घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर लोकरीवर पाणी धरतं.

सोळा टाके दिवसाच्या उजेडात जोडून पहिला मोजा संपला. चिठ्ठीवर: रिब १६, पाय ६०, टाच ३२, बाजू १८, पाऊल ४४, पंजा २०. शालीच्या चिठ्ठीवर: ओळ १३२, दोरा घातला आहे, १९२ वर बंद. ‘का थांबलं’ या रकान्यात आता ‘पुढच्या मुक्कामासाठी’. स्वेटरच्या वहीत मागच्या पानावर दोन आकडे घाईने लिहिलेले दिसतात, ११० च्या मापाची जोडणी ३२६ येते आणि नक्षीला ३२४ हवेत. दोन टाके काखेजवळ घटवायचे की अंगातून काढायचे, ते चौकोन पुन्हा मोजल्यावर ठरेल.